अमावास्येचे एकतीस व्हॉल्व्ह

व्हॉल्व्ह म्हणजे नळाचा थोरला भाऊ, एवढे सांगितले की पाहुणे मान डोलावतात आणि चहाकडे वळतात. इथे त्याहून थोडे अधिक सांगणे भाग आहे. पाणी, वाफ किंवा तेल नेणाऱ्या मोठ्या पाइपात तो बसतो. चाक फिरवले की वाट मोकळी होते, उलटे फिरवले की अडते. हुबळीच्या गोकुळ रोडवरच्या आमच्या कारखान्यात ओतीव पोलादाचे खडबडीत धूड येते, यंत्रांवर कातले जाते, जुळवले जाते आणि शेवटी टेस्टिंगच्या बाकावर चढते. तिथे त्याची दोन्ही तोंडे झाकून पोटात पाणी भरतात आणि पंपाने दाब वाढवत नेतात. काटा ठरलेल्या आकड्यावर पोचला की पुढची काही मिनिटे कुणी काही करायचे नसते. फक्त बघायचे असते.

ते बघण्याचे काम कल्लाप्पाचे होते. अळनावरजवळच्या खेड्यातून रोज पहिल्या बसने येणारा हा सडपातळ माणूस कोरड्या फडक्याने व्हॉल्व्ह पुसून त्यावर तळहात फिरवी. गळणारा व्हॉल्व्ह थेंब टाकण्याआधी घामेजतो, असे तो म्हणे. काट्याला कळण्यापूर्वी त्याच्या तळहाताला कळे. पास झालेल्या व्हॉल्व्हच्या काठावर मग तो पोलादी पंचाने, एकेक आकडा हातोडीने ठोकून, नंबर उमटवी. त्या ठोक्यांचा आवाज माझ्या खोलीत येई. नऊ ठोके, मग फडके झटकल्याचा आवाज, मग पाण्याची धार.

नऊ ठोके, कारण नंबर नऊ आकडी. पहिले सहा तारखेचे, पुढचे तीन त्या दिवसाच्या अनुक्रमाचे. रोज सकाळी मी कल्लाप्पाला एक चिठ्ठी देत असे: आज अमुक नंबरापासून सुरू. वहीत तो फक्त माप आणि दाब लिही. संध्याकाळी ती ओलसर, तेलकट वासाची वही माझ्याकडे येई. मी ती त्याच क्रमाने कॉम्प्युटरात भरत असे, प्रोग्रॅम त्याच क्रमाने नंबर देई आणि सर्टिफिकेट छापे. पोलादावरचा नंबर आणि कागदावरचा नंबर एकच असला पाहिजे. एखाद्या साखर कारखान्यात वाफेच्या व्हॉल्व्हजवळ उभ्या राहणाऱ्या माणसाला दुसरा कसलाही आधार नसतो.

हा प्रोग्रॅम माझा होता. मी धारवाडात मराठी कविता शिकले. एम.ए. झाल्यावर या विषयाला हुबळीत फारशी मागणी नाही असे ध्यानात आले, तेव्हा टायपिंगची परीक्षा देऊन कारखान्यात पत्रे टाइप करायला लागले. काही वर्षांनी मालकांनी, ज्यांना सगळे अप्पा म्हणत, एक कॉम्प्युटर आणला. तो शिकवायला आलेला मनुष्य दोनदा आला आणि तिसऱ्यांदा आला नाही. मागे त्याचे मुखपृष्ठ नसलेले एक पुस्तक राहिले. त्या पुस्तकावरून मी फॉक्सप्रो शिकले. ही भाषा आज्ञांची होती: उघड, शोध, बदल, बंद कर. अप्पा बोलत तशीच. मला ती परकी वाटली नाही.

लोकांना वाटते प्रोग्रॅम म्हणजे गणित. माझ्या प्रोग्रॅममध्ये प्रामुख्याने माणसे राहत होती. एका कंत्राटदाराला नंबरातल्या अंकांची बेरीज आठ येणारा व्हॉल्व्ह चालत नसे. तो आठाचा माल परत पाठवी आणि कारण लिही, 'तांत्रिक'. मी आठ ओलांडून पुढे जाणाऱ्या चार ओळी लिहिल्या, आणि वगळायचे नंबर चिठ्ठीत येऊ लागले. दुसऱ्या एका ग्राहकाला सर्टिफिकेटवर नाव मोठ्या अक्षरांत हवे असे, आणि ते नाव इतके लांब होते की मोठ्या अक्षरांत कागदाबाहेर जाई. त्याच्यासाठी मी कागद आडवा केला. आणि अप्पांसाठी अमावास्या लिहिली.

आमच्याकडे अमावास्येला यंत्रे धुतात. त्यांना हळदकुंकू लागते, लेथवर लिंबू बसते, नारळ फुटतो आणि चुरमुरे वाटले जातात. तेलाच्या वासात कापूर मिसळला की दुपारपर्यंत तो सुटा करता येत नाही. पूजेनंतर टेस्टिंग चाले, कारण ट्रक अमावास्या पाळत नाहीत. पण त्या दिवसाची तारीख मालाच्या अंगावर अप्पांना नको होती.

"अमावास्येला पोराचं बारसं करता काय?" त्यांनी मला विचारले होते. "टेस्ट करा, अडवतोय कोण? पण अंगावर दुसऱ्या दिवसाची तारीख घाला."

तेव्हा अमावास्येच्या चिठ्ठीत पुढच्या दिवसाची तारीख येई, आणि पुढच्या दिवशी तोच अनुक्रम चालू राही. समजा चौदाला अमावास्या आहे आणि त्या दिवशी दहा व्हॉल्व्ह झाले. त्यांना पंधरा तारखेचे एक ते दहा नंबर मिळत, आणि खऱ्या पंधरा तारखेला अकरापासून सुरुवात होई. सर्टिफिकेटवर टेस्टची तारीख खरी, चौदाच असे. फक्त नंबर एक दिवस धाकटा. वर्षाच्या सुरुवातीला मी कॅलेंडर समोर धरून अमावास्यांच्या तारखा एका तक्त्यात भरत असे. त्या तक्त्याचे नाव मी 'चंद्र' ठेवले होते. त्यात चंद्र कधीच नसे, हे मला त्या वयात अर्थपूर्ण वाटले होते.

अप्पा गेले, त्यांचे चिरंजीव विनय मालक झाले, आणि माझा जुना कॉम्प्युटर दात खाल्ल्यासारखा आवाज करू लागला. हुबळीत तो दुरुस्त करणारा कुणी उरला नव्हता. विनय म्हणाले, "अक्का, बाहेरून करून घेऊ. तुम्ही कशाला त्रास घेता?" कारखान्यात मला सगळेच अक्का म्हणतात, मालकांसकट. मी म्हणाले, "मी करते." तेव्हा मी पंचावन्न वर्षांची होते, आणि हे वाक्य माझ्या तोंडून इतक्या शांतपणे निघाले की आम्हां दोघांनाही ते विचारपूर्वक बोललेले वाटले.

नव्या भाषेचे नाव पायथन, म्हणजे अजगर. ते मी कारखान्यात कुणाला सांगितले नाही. कल्लाप्पाला सापांचे वावडे आहे. दुपारच्या सुट्टीत डबा खाता खाता मी व्हिडिओ बघत असे. त्यात एक तरुण अत्यंत आनंदी चेहऱ्याने सांगे की ही भाषा फार सोपी आहे. जुन्या भाषेत आज्ञांचा प्रत्येक गट खोलीसारखा उघडावा आणि बंद करावा लागे. नव्या भाषेत ओळ किती आत सरकली आहे, यावरून ती कुणाच्या पोटात आहे ते ठरते. मुक्तछंदाच्या ओळी मांडताना मी हेच करत असे, फक्त तिथे एक जागा कमी पडली म्हणून कविता थांबत नसे. इथे थांबे, आणि कुठल्या ओळीवर थांबले तेही लिहून देई. इतके स्पष्ट समीक्षक मला विद्यापीठात भेटले नव्हते.

शिवाय ही भाषा शून्यापासून मोजते. पहिल्याच चाचणीत चिठ्ठीवरचे शेवटचे तीन आकडे तीन शून्ये निघाले. कल्लाप्पा चिठ्ठी घेऊन दारात आला.

"अक्का, ह्यो शून्यावा व्हॉल्व्ह कुठं हाय?"

"चूक झाली. एकापासून धरा."

"न्हाई, मी बाकाखाली बी बघितलो," तो म्हणाला. "मला पयलाच दिसूलाय."

असे करत चार महिन्यांत प्रोग्रॅम उभा राहिला. जुना प्रोग्रॅम ओळीओळीने नव्यात आणताना मी एखाद्या घराची आवराआवर करावी तशी एकेक गोष्ट हातात घेत होते. आठाच्या बेरजेचा कंत्राटदार धंदा बंद करून गेला होता. त्याच्या चार ओळी टाकल्या. लांब नावाच्या ग्राहकाने नाव आखूड केले होते. कागद उभा केला. मग 'चंद्र' हाती आला. मी त्याच्याकडे थोडा वेळ बघितले. अप्पा नव्हते. विनयना या प्रकाराची कल्पना नव्हती, आणि मोठ्या ग्राहकांसमोर ती यावी असे मलाही वाटत नव्हते. नव्या, नीटनेटक्या भाषेत हे लिंबू-नारळ कशाला? मी तो तक्ता घेतला नाही. कुणाला विचारले नाही आणि कुणाला सांगितलेही नाही. चिठ्ठीवर जे छापले जाईल तेच कल्लाप्पा ठोकेल, असे मी गृहीत धरले. त्या दिवशी मला अतिशय हलके वाटले होते, हे नोंदवणे मला आवश्यक वाटते.

नवा प्रोग्रॅम सुरू झाल्यावरची पहिली अमावास्या चौदा तारखेला आली. यंत्रे धुतली गेली, चुरमुरे वाटले गेले. मी कल्लाप्पाला चौदा तारखेची चिठ्ठी दिली. त्याने ती वाचली, माझ्याकडे बघून हसला आणि खिशात घातली.

"नव्या मशीनला अजून अमावास्या कळंना व्हय, अक्का?"

मी प्रिंटरमध्ये कागद भरत होते. मीही हसले. त्या हसण्याचा अर्थ त्याने 'तुम्हीच सांभाळून घ्या' असा लावला, आणि दुसरा कुठलाही माणूस तसाच लावील.

त्या दिवशी एकतीस व्हॉल्व्ह झाले. कल्लाप्पाने त्यांना पंधरा तारखेचे एक ते एकतीस असे नंबर ठोकले. दुसऱ्या दिवशी माझी चिठ्ठी पुन्हा एकापासून सुरू झाली. ती त्याने चुकीची मानून बत्तीसपासून पुढे ठोकायला घेतले आणि सव्वीस व्हॉल्व्ह पुरे केले. त्याच्या बाजूने दोन्ही दिवसांच्या कामात एका आकड्याचीही चूक नव्हती.

आठवड्याने ग्राहकाकडून तपासनीस आले. कोल्हापूरकडचा, मोजके बोलणारा एक तरुण. त्यांनी सर्टिफिकेट हातात घेतले, एका व्हॉल्व्हच्या काठावर बोट फिरवले आणि मला जवळ बोलावले.

"बाई, हा नंबर बघा. कागद म्हणतो दोन इंची. हा दोन इंची आहे का?"

"नाही."

"किती आहे?"

"चार."

"मलाही चारच वाटतो," ते म्हणाले आणि पुढच्या व्हॉल्व्हकडे वळले.

दुपारपर्यंत सत्तावन्नच्या सत्तावन्न व्हॉल्व्ह बाजूला काढले गेले. एकाचा कागद दुसऱ्याच्या अंगावर होता, आणि काही कागदांना अंगच नव्हते. कुठला व्हॉल्व्ह किती दाबाला टिकला, हे आता कागदावरून सांगता येत नव्हते. तपासनीस म्हणाले की हा माल ते घेणार नाहीत, आणि असे कसे झाले ते लेखी कळवावे.

विनय टेस्टिंगच्या बाकाशी आले. सगळी माणसे काम थांबवून उभी होती.

"कल्लाप्पा, चौदा तारखेला पंधराचे नंबर का मारलेत?"

"अमावास्या हुती की, साहेब."

"मग?"

"चिठ्ठीत चुकून चौदा पडली हुती. मी बरोबर करून मारलो."

"अमावास्येला नंबर बदलायचे असं तुम्हाला सांगितलं कुणी?"

"सांगायचं काय त्यात? दर अमावास्येला चिठ्ठीच तशी येतीया. अप्पा असल्यापासनं." तो माझ्याकडे वळला. "अक्कांना इचारा की."

विनयनी विचारले. "अक्का, चिठ्ठी अशी येते?"

पंपाखालच्या घमेल्यात थेंब पडत होता. दोनच दिवसांपूर्वी विनयनी पाहुण्यांना माझ्या खोलीत आणून, 'हे सगळं आमच्या अक्कांनी स्वतः शिकून केलंय,' असे सांगितले होते. मला ते वाक्य आठवले नाही. ते मला ऐकू आले.

"नाही," मी म्हणाले.

विनयनी मान हलवली. वयाचा परिणाम, नजर, मनाने केलेले फेरफार असे काहीसे ते बोलले, फार कठोर न होता. कल्लाप्पाच्या निवृत्तीला चार महिने होते. तेवढे दिवस त्याने पॅकिंगला बसावे असे ठरले. कल्लाप्पाने भांडण केले नाही. त्याने माझ्याकडे बघितले, राग न करता, एखादा न समजलेला शब्द पुन्हा वाचावा तसे. मग फडके घडी घालून बाकावर ठेवले आणि पॅकिंगकडे गेला.

पॅकिंग म्हणजे लाकडी खोक्यांना खिळे मारणे. दोन दिवस तो आवाज मी खोलीत बसून ऐकला. खिळ्याचे ठोके मोजता येत नाहीत. कधी तीन, कधी पाच. टेस्टिंगच्या बाकावर दुसरा माणूस आला होता आणि तो काट्याकडे बघत असे.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी कपाटातून जुन्या सर्टिफिकेटांच्या फाइली काढल्या. प्रत्येक वर्षातली एक अमावास्या शोधली, कागदात खूण घातली आणि तो गठ्ठा विनयच्या टेबलावर ठेवला. टेस्टची तारीख एक, नंबरातली तारीख पुढची. सगळीकडे.

ते बराच वेळ पाने उलटत राहिले.

"हे अप्पांनी सांगितलं होतं?"

"हो."

"आणि नव्या प्रोग्रॅममधून तुम्ही काढलंत?"

"हो."

"मला विचारलं नाहीत."

"नाही."

"परवा मी विचारलं, तेव्हा—"

"तेव्हा मी खोटं बोलले."

त्यांनी फाइल मिटली. "अक्का, मी त्याला सगळ्यांसमोर बोललो."

"म्हणून मीही सगळ्यांसमोर सांगणार आहे. तुम्ही या."

चहाच्या सुट्टीत माणसे बाकाजवळ जमली होती. कल्लाप्पाला मी बोलावून घेतले. त्याच्या केसांत भुसा होता. मी जे झाले ते क्रमाने सांगितले. चिठ्ठी खरोखर तशी येत असे, ती मी बदलली, कुणाला सांगितले नाही आणि विचारल्यावर नाकारले. कवितेच्या शिक्षणाचा इथे काही उपयोग झाला नाही. वाक्ये आखूड आणि सरळ करावी लागली.

विनयनी सर्वांदेखत त्याची माफी मागितली. कल्लाप्पाने हातातला पेला खाली ठेवला.

"काल मी जुन्या हुबळीत डॉक्टरला डोळे दाखवून आलो," तो म्हणाला. "त्यो म्हणाला, वयाच्या मानानं झकास हाईत. तवा मला भ्या वाटलं."

"का?"

"डोळे बरे हाईत, म्हंजे डोस्कं बिघडलंय. तुमी न्हाई म्हणालासा, अक्का. तुमी तर खोटं बोलत न्हाई. मग इतकी वर्सं मीच मनानं अमावास्या करूलालो काय, असं वाटलं. बायकोला बी इचारलो, मी घरात कायतरी येड्यासारखं बोलतो काय म्हणून."

माझी या नोकरीतली सर्वांत मोठी चूक सत्तावन्न व्हॉल्व्हची आहे असे मी तोवर समजत होते.

मी क्षमा मागितली. त्याने ती घेतली की नाही ते कळले नाही, कारण तो लगेच कामाचे बोलू लागला. सत्तावन्न व्हॉल्व्ह पुन्हा टेस्ट करावे लागतील. जुने नंबर ग्राइंडरने घासून काढावे लागतील. नवे मारावे लागतील.

"घासायला माणसं हाईत," तो म्हणाला. "टेस्ट मी करतो. मारायला तुमी या."

"मला येत नाही, कल्लाप्पा."

"भाषा शिकलासा की. ह्ये बी शिका."



लेखी खुलासाही मलाच द्यायचा होता. त्या फॉर्मात 'मूळ कारण' असा एक चौकोन असतो. विनय म्हणाले, 'प्रशिक्षणाचा अभाव' लिहा, सगळे तेच लिहितात. मी लिहिले की प्रोग्रॅम लिहिणाऱ्या व्यक्तीने चालू असलेला नियम कुणालाही न कळवता काढून टाकला, आणि खाली माझे नाव घातले. नावाला चौकोन पुरला. पुढचा चौकोन 'उपाय' असा होता. त्यावर आम्ही तिघे बसलो. कल्लाप्पाचे म्हणणे पडले की अमावास्येला टेस्टिंगच बंद ठेवा, म्हणजे अप्पांचेही राहील आणि कागदही खरा राहील. ट्रकचे काय, असे विनयनी विचारले. "ट्रक थांबतोय की," कल्लाप्पा म्हणाला, "त्याला बी लिंबू बांधू." तेच ठरले. त्यामुळे आता पायथनलाही अमावास्या आहे. त्या दिवशी प्रोग्रॅम चिठ्ठी छापत नाही. चंद्राची गती काढणारे सूत्र मी मोठ्या उत्साहाने त्यात घातले होते, पण त्याचा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचा एकदा एका दिवसाने मतभेद झाला. मी कॅलेंडरची बाजू घेतली.

पुनर्चाचणीच्या दिवशी तपासनीस हजर होते. मी पदर खोचून बाकाशी उभी राहिले. पंच बोटभर लांबीचे, गार आणि तेलाने निसरडे असतात. त्यांच्या टोकावर आकडा उलटा कोरलेला असतो, आणि तो सुलटा कोणत्या बाजूने बसेल हे डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळावे लागते. माझ्या बोटांना कळत नव्हते. हातोडी अपेक्षेपेक्षा जड आणि पोलाद अपेक्षेपेक्षा गप्प होते. एक ठोका कमी पडला तर आकडा फिका, दुसरा मारायला जावे तर तो पहिल्याच्या शेजारी बसतो. इथे खोडता येत नाही. कुठल्या ओळीवर चुकले ते कुणी लिहून देत नाही. मनगटात झिणझिण्या येतात, एवढेच.

पहिला व्हॉल्व्ह पुरा व्हायला मला जेवढा वेळ लागला तेवढ्यात कल्लाप्पाने तीन टेस्ट केले. तो मधूनमधून माझ्याकडे बघे आणि "अंगठा वर घ्या," किंवा "श्वास सोडा," एवढेच म्हणे. चौथा आकडा पूर्ण कलला. सातवा खाली उतरला.

तपासनीस आले, वाकले आणि त्या काठावरून त्यांनी हळूहळू बोट फिरवले. कललेल्या आकड्यापाशी बोट थांबले.

"हा कुणी मारला?"

हातोडी माझ्या हातात होती. मी तोंड उघडण्याआधी कल्लाप्पा पंपाचा दांडा न सोडताच बोलला.

"नवीन हाईत, साहेब. शिकूलाल्यात."

तपासनिसांनी माझ्या पिकलेल्या केसांकडे बघितले, मग व्हॉल्व्हकडे, आणि वहीत बरोबरची खूण केली.

"वाचता येतोय," ते म्हणाले. "पुढचा."